सोळा वर्षांनी परत कॉलेज: मुलगी तिसरीत, हातात फक्त बारावी, सुरुवात कुठून करू? (सातारा)

कोरेगावची_माहेरवाशीण
नमस्कार, बरेच महिने नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझं वय ३४. बारावी कॉमर्स २००८ ला झाली, साताऱ्यातच बीकॉम पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं पण परीक्षेच्या आधी लग्न ठरलं आणि ते तिथंच राहिलं. मिस्टर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. दोन वर्षांपासून मुलीला घेऊन माहेरी कोरेगावला आहे, आई आणि भाऊ-वहिनी सांभाळून घेतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

रोज एसटीनं साताऱ्याला येते, कापडाच्या दुकानात आहे, ९,५०० मिळतात. गेल्या वर्षभरात असं झालंय की संध्याकाळचा हिशेब जुळत नसला की मालक मला बोलावतात, कुठल्या बिलात चूक आहे ते मी काढून देते, पण अकाउंटला जो मुलगा बसतो त्याला माझ्या दुप्पट पगार आहे कारण तो बीकॉम आहे. त्याच्यावर राग नाही, पोरगा चांगला आहे, पण रात्री झोप येत नाही असं झालंय. मला बीकॉम पूर्ण करायचंय. चुलते म्हणतात आता स्वतःचं काय घेऊन बसलीस, मुलीचं बघ.

प्रश्न असे की कॉलेजला जाऊन करू का बाहेरून, जुनं अर्धं वर्ष धरतात का, कागदपत्रं काय लागतात (माझी सगळी माहेरच्या नावावर आहेत, आधार सासरच्या नावानं), आणि फीसाठी दोन तोळे सोनं आहे ते मोडावं का. रोज सकाळी ९ ते रात्री ८ घराबाहेर असते.

चारभिंती
ताई, मी साताऱ्यात कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं होतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो, तेव्हा कागदांचं मी सांगतो कारण माझ्या खिडकीसमोरून तुमच्यासारख्या कितीतरी जणी कागद नाहीत म्हणून परत गेलेल्या मी बघितल्यात आणि ते मला आजही टोचतं.

पहिली गोष्ट शाळा सोडल्याचा दाखला. बारावीनंतर तुम्ही बीकॉमला प्रवेश घेतला तेव्हा मूळ दाखला त्या कॉलेजात जमा झाला, तो परत मिळत नाही, त्या कॉलेजकडनं आता नवीन टीसी काढायची. बायका इथंच अडकतात, ज्युनियर कॉलेजात जातात, तिथले म्हणतात आम्ही तर तेव्हाच दिला, आणि मग चक्कर सुरू होते. तुम्ही थेट सीनियर कॉलेजच्या ऑफिसात जा, प्रवेशाचं वर्ष आणि त्या वेळचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्या, जुनी फीची पावती सापडली तर उत्तम, नसली तरी जनरल रजिस्टरला नोंद असते. सकाळी अकराला जा, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर रजिस्टर काढायला कुणी उठत नाही.

दुसरं नाव. पदवीचा फॉर्म बारावीच्या मार्कलिस्टवर जे नाव आहे त्याच नावानं भरा, म्हणजे दहावी बारावी पदवी सगळं एका ओळीत राहतं. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला ठेवा, म्हणजे आधारवरची आणि मार्कलिस्टवरची बाई एकच हे दाखवता येतं. लग्नाची नोंद झाली नसेल तर मिस्टरांच्या मृत्यूच्या दाखल्याचा आणि राजपत्रात नाव बदलाची जाहिरात देण्याचा मार्ग आहे, तो मी वेगळा सांगेन. जातीचा दाखला असेल तर तो वडिलांकडच्या नावानंच चालतो, सासरचा काढायला जाऊ नका.

तिसरं, मधल्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र. घाबरण्यासारखं काही नाही, इतकी वर्षं शिक्षण बंद होतं आणि मधे दुसरीकडं कुठं प्रवेश घेतला नाही एवढंच लिहायचं असतं.

आणि सोनं मोडू नका. मुक्त विद्यापीठाची बीकॉमची वर्षाची फी तुमच्या एका पगाराच्या आत बसेल. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं त्या गावात हे लिहितोय, म्हणून सांगतो, त्यांनी मोडलं ते दुसरा रस्ताच नव्हता म्हणून. तुमच्यापुढं रस्ता आहे.

यार्डातली_अकाउंटंट (सांगली)
अगं मी तूच आहे असं समज, फक्त सहा वर्षं पुढची. घटस्फोट झाला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा, मी ३३ ची, बीएचं पहिलं वर्ष झालेलं. आज सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीचं आणि दोन बेदाणावाल्यांचं अकाउंट बघते.

मी केलेली चूक सांगते म्हणजे तू करू नकोस. मला कुणीतरी म्हणालं बीए पटकन होतं, मी मुक्त विद्यापीठातून बीए केलं, तीन वर्षं गेली, आणि नोकरीला गेले तिथं प्रत्येकानं विचारलं टॅली (कॉम्प्युटरवर हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर) येतं का. मग परत शून्यापासून टॅली, जीएसटी, एमकॉमला बसता येईना म्हणून अजून एक कॉमर्सचा डिप्लोमा. बीए वाईट नाही, माझी मैत्रीण बीए करून बीएडला गेली तिचं छान झालं, पण तिला शिकवायचंच होतं. मला आकडे आवडायचे आणि मी ते कुणाला सांगितलंच नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, आधी नोकरी कुठली करायची ती नक्की कर, त्या नोकरीच्या जागी जाऊन दोन माणसांना विचार की तुम्ही माणूस घेताना काय बघता, आणि मग फॉर्म भर. तुझं तर नक्की झालेलंच आहे, तू हिशेब जुळवतेस.

तर बीकॉमला नाव घाल आणि पहिल्या सहा महिन्यांतच टॅली शिक, डिग्रीची वाट बघत बसू नको. इथं यार्डात मला डिग्री कुणी नंतर विचारली, आधी समोर बिलांचा गठ्ठा टाकला आणि म्हणाले एंट्री करून दाखवा. जीएसटीचं चक्र एकदा समजून घे, दर महिन्याला ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा तपशील आणि २० तारखेपर्यंत ३बी म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, त्यामुळे अकाउंटच्या बाईचा महिना १ ते २० धावपळीचा आणि २१ नंतर जरा मोकळा असतो. मी अभ्यास कायम २१ ते ३० मधेच केला. पहिल्या वर्षी हे कळलं नव्हतं आणि रोज दोन तास असं ठरवून रोज रडले.

मावळतीची_सर
नेहमीच्या कॉलेजात जावं असं मला वाटतं, बाहेरून केलेल्या डिग्रीला किंमत नसते असं आमच्याकडं सगळे म्हणतात.

यार्डातली_अकाउंटंट (सांगली)
@मावळतीची_सर, सगळे म्हणतात पण ते खरं नाही, विद्यापीठाला दूरशिक्षणाची मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची हे यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२२ मधे स्पष्ट सांगितलंय. मान्यता आहे का तेवढं प्रवेशाआधी यूजीसीच्या साइटवर बघायचं, कारण गल्लोगल्ली बोर्ड लागलेत "घरबसल्या एका वर्षात पदवी" असे, त्यात माझ्या मावसबहिणीचे पैसे गेले. आपल्या भागात दोन खात्रीचे रस्ते आहेत, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (१९८९ पासूनचं), त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्यातालुक्यात कॉलेजांमधे आहेत, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र. आणि सकाळी ९ ते रात्री ८ बाहेर असणारी बाई कॉलेजात हजेरी कशी लावणार ते पण सांगा की.

मावळतीची_सर
बरोबर आहे तुमचं, मी त्यांची वेळ नीट वाचली नव्हती. माझी पण बहीण घरी आहे, तिला हे दाखवते.

कोरेगावची_माहेरवाशीण
सगळ्यांचे आभार, दुकानात डबा खाताना वाचलं आणि डोळे भरून आले. काका, लग्नाची नोंद झालेली आहे, दाखला सासरी आहे, मागवून घेते. वेळेचं मात्र मला कळत नाहीये. घरी पोचून आवरेपर्यंत नऊ होतात, मुलगी जागी असते, तिचा अभ्यास, जेवण. साडेदहा होतात.

विश्रामबाग_गृहिणी
मी एकल पालक नाही, मिस्टर आहेत, सासूबाई आहेत, तरी लिहितेय कारण वेळेचं दुखणं सारखंच आहे. तेरा वर्षं घरी होते, ४१ व्या वर्षी एमएला नाव घातलं. घरात कुणी नाही म्हणालं नाही, पण कुणी हलून पण दिलं नाही. पुस्तक उघडलं की चहा, पुस्तक उघडलं की पाहुणे, सासूबाईंचं औषध, मुलाचा मोजा. चिडचिड करून बघितली, काही झालं नाही.

मग मी एक केलं, परीक्षेचं वेळापत्रक आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेननं तारखा लिहिल्या आणि प्रत्येक तारखेच्या खाली त्या दिवशी काय कोण करणार ते नाव घालून लिहिलं, पोळ्या कोण, डबा कोण, सासूबाईंना डॉक्टरकडं कोण. तोंडी सांगितलेलं सगळे विसरतात, भिंतीवरचं विसरता येत नाही. पहिल्या पेपरला मिस्टरांनी पोळ्या बाहेरून आणल्या, चालतंय. सासूबाई स्वतः येऊन विचारायला लागल्या उद्या पेपर कुठला.

तुला रोजचे दोन तास मिळणारच नाहीत, ते मनातनं काढून टाक. एसटीतला वेळ धर. कोरेगाव ते सातारा जाता-येता मिळून तास-सव्वा तास सहज होत असेल, बसायला जागा मिळाली की तेवढ्यात एक घटक वाचून होतो. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मराठीत आहेत, स्वतः वाचून कळतील अशी लिहिलेली आहेत, त्याचा उपयोग होतो. आणि रविवार. रविवारी संपर्क सत्र असतं, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचा वर्ग, त्या दिवशी मुलीला कोण बघणार हे आईशी आजच बोलून ठेव, ऐनवेळी नको.

पलूसचा_बाप
इथं सगळ्या ताई आहेत, मी लिहू का नको असा विचार करत होतो. माझी बायको तीन वर्षांपूर्वी आजारानं गेली, दोन पोरं, सातवी आणि चौथी. मी दहावी, ट्रकवर होतो, आता पोरांमुळं लांबच्या ट्रिपा सोडल्या, रोजंदारीवर आहे. पुरुषाला कुणी म्हणत नाही तू शीक, सगळे म्हणतात दुसरं लग्न कर. माझं वय ३७, आता आयटीआयला घेतात का?

चारभिंती
दादा, बरं झालं लिहिलंत. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, किमान १४ पूर्ण पाहिजे एवढंच. प्रवेश ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होतो, दहावीच्या निकालानंतर फॉर्म निघतात, दहावीचे मार्क बघून मेरिट लागतं. तुमचा गाडीचा हात आहे, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा ट्रेड आहे, तो बघा. दिवसभराची हजेरी असते, त्यामुळं ते एक वर्ष घर कसं चालवायचं याचा हिशेब आधी करा.

त्याला धरून एक सांगतो, हे तुम्हाला आणि कोरेगावच्या ताईंना दोघांनाही लागू आहे. राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, आई किंवा वडील एकच असलेल्या मुलांनाही ती मिळते, एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. लोकांना वाटतं ही अनाथांचीच योजना. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज द्यायचा, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलाचं शाळेचं बोनाफाइड, आधार, बँकेचं पासबुक असं लागतं. घरी चौकशीला येतात, बालकल्याण समितीपुढं जावं लागतं, वेळ लागतो, पैसे दरमहा नियमानं येतीलच असं धरून चालू नका, एकदम साठून येतात. पण येतात. दोन पोरांचे ४,५०० होतात दादा.

पलूसचा_बाप
हे मला तीन वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. उद्याच सांगलीला जातो.

मिरज_सिस्टर
कोणी नर्सिंगचं विचारायच्या आधी मीच सांगते कारण बायकांना हमखास तेच सुचवतात, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, नर्सला काम नाही असं इथं होत नाही, हे खरं आहे. पण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं पूर्णवेळ, वॉर्डची ड्यूटी धरून, बाहेरून होत नाही आणि होऊ पण नये. वयाची अट फॉर्म भरायच्या आधी नीट वाचा. आणि नोकरी लागली की नाइट शिफ्ट येणारच. मी एकटीनं मुलगा वाढवलाय, माझ्या आईनं रात्री सांभाळलं म्हणून झालं. ज्यांच्याकडं रात्री घरात कुणी नाही त्यांनी हा विचार पहिला करावा, पगार नंतर बघावा. एक वर्षाचे छोटे कोर्स पण निघालेत गल्लीत, ते नर्सिंग कौन्सिलला नोंदता येत नाहीत, तिथं पैसे घालू नका. माझ्याबरोबर तशा मुली काम करतात, माझ्याइतकंच करतात आणि निम्मा पगार घेतात, मला फार वाईट वाटतं.

वाठारची_सून
मला नववीनंतर शाळा सोडायला लागली, मी काय करू, बीकॉम लांबच. वय २९.

विश्रामबाग_गृहिणी
१७ नंबरचा फॉर्म भर. बोर्डाची दहावी बाहेरून देता येते, आपल्याला कोल्हापूर विभागीय मंडळ लागतं, सातारा सांगली कोल्हापूर तिन्ही जिल्हे त्यातच. परीक्षा फेब्रुवारी-मार्चला पण फॉर्म आदल्या वर्षीच भरायचा असतो, बायका जानेवारीत चौकशीला जातात आणि वर्ष जातं. जवळच्या हायस्कूलमधे जाऊन आत्ताच विचार. आणि तुझा नववीचा दाखला शाळेत असेल तो आधी काढ. आमच्या शेजारणीचे सगळे कागद २०१९ च्या पुरात गेले होते, तिला पण बोर्डाकडनं दुसरी मार्कलिस्ट मिळाली, तेव्हा कागद नाहीत म्हणून थांबू नको.

माणदेशी_वारं
मी म्हसवडची. माझं मत थोडं वेगळं आहे, सगळ्यांनी डिग्रीच्याच मागं लागावं असं नाही. आमच्याकडं १९९७ मधे चेतना सिन्हांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली तेव्हा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. त्या बायकांनी सहा महिन्यांत अक्षरं शिकून परत अर्ज केला, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला. माझी आजी त्या बँकेची खातेदार. शिकणं आणि कागद यात फरक आहे, कोरेगावच्या ताई आजच हिशेबनीस आहेत, मालकाला स्पष्ट सांगून पगार वाढवून मागावा हे कुणीच कसं सुचवलं नाही?

कोरेगावची_माहेरवाशीण
ताई मी मागितला होता, मार्चमधे. मालक वाईट नाहीत, ते म्हणाले तुमचं काम चांगलं आहे पण तुम्हाला त्याच्याएवढं दिलं तर उद्या काउंटरवरच्या सगळ्या मागतील, तुमच्याकडं दाखवायला काहीतरी पाहिजे. तेव्हापासून ते "दाखवायला काहीतरी" माझ्या डोक्यात आहे. तुमचं खरं आहे पण मला तो कागद पाहिजे. आजीचं वाचून मात्र बरं वाटलं.

सरकारी नोकरीचं पण भावानं सुचवलंय, स्पर्धा परीक्षा.

यार्डातली_अकाउंटंट (सांगली)
वय मोज. एमपीएससीला खुल्या गटाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. बायकांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, पण तुझी पदवी होईपर्यंत तू ३७-३८ ची, खुल्या गटातली असशील तर एखादाच प्रयत्न हातात. द्यायची तर दे, पण त्यासाठी नोकरी सोडून पुण्याला जाऊन बसू नको, माझ्या ओळखीतल्या दोघींनी तसं केलं आणि परत येऊन शून्यावरनं लागल्या. त्यापेक्षा टायपिंगची सरकारी परीक्षा करून ठेव, मराठी ३० आणि इंग्रजी ४०, क्लार्कच्या जागांना लागते आणि खाजगीत पण कीबोर्डवर हात बसलेला कामाला येतो. गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली तर लक्ष ठेव, बारावीवर आहे आणि विधवा बायकांना वय ४० पर्यंत सवलत आहे, पण त्याच गावची रहिवासी पाहिजे.

मिरज_सिस्टर
आणि अगं पोटगी, सासरच्या इस्टेटीत मुलीचा हिस्सा असं काही अडलेलं असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोर्टातच ऑफिस असतं. अभ्यासाच्या वेळी हे डोक्यावर असलं की एक अक्षर वाचवत नाही, मला माहितीये.

कोरेगावची_माहेरवाशीण
(सात आठवड्यांनी) सांगायचं राहिलं होतं. टीसी तिसऱ्या खेपेला मिळाली. पहिल्यांदा रजिस्टर सापडलं नाही म्हणाले, दुसऱ्यांदा साहेब रजेवर, तिसऱ्यांदा चारभिंती काकांनी सांगितल्याप्रमाणं वर्ष आणि जुनं नाव कागदावर लिहून अकराला गेले, वीस मिनिटांत झालं. रजिस्टरमधे माझी तेव्हाची सही होती, बघत उभी राहिले. जुनं अर्धं वर्ष धरत नाहीत, पहिल्यापासूनच करायचंय, त्याचं एवढं काही वाटलं नाही.

मुक्त विद्यापीठात बीकॉम प्रथम वर्षाचा फॉर्म भरला. फी पगारातून भरली, सोनं कपाटात आहे. टॅलीचा क्लास दुकानाजवळच, सकाळी ८ ते ९, त्यासाठी लवकरची एसटी धरते, अर्धं तिकीट आहे म्हणून परवडतं. बालसंगोपनचा अर्ज दिलाय, अजून चौकशीला कुणी आलं नाही. चुलत्यांना आईनं सांगितलं, मी नाही. ते काही बोलले नाहीत, पण परवा येताना मुलीसाठी वह्या आणल्या त्यात दोन लांब रेघी वह्या जास्त होत्या.

एक विचारायचं होतं. रविवारी पहिलं संपर्क सत्र आहे आणि नेमकं त्याच दिवशी भावाच्या सासरी कार्यक्रम, आई पण जाणार. मुलीला बरोबर घेऊन गेलेलं चालतं का?

विश्रामबाग_गृहिणी
चालतं. आमच्या सत्राला दोघी आणायच्या. मागच्या बाकावर बसव, चित्रकलेची वही आणि खाऊ दे, आणि सुरू व्हायच्या आधी सरांना जाऊन सांग.

चारभिंती
पाण्याची बाटली घरूनच न्या, रविवारी कँटीन बंद असतं.

पलूसचा_बाप
ताई अभिनंदन. माझे दोन्ही अर्ज गेले. डिझेल मेकॅनिकला दुसऱ्या यादीत नाव लागलं.